सुखदेवभाऊ आणि न सरकलेला रोल

सुखदेवभाऊंनी पहिल्याच भेटीत माझा अपमान केला, आणि तोही इतक्या गोड आवाजात की परतीच्या बसमध्ये लाखनी जवळ येईपर्यंत मला तो नीट लागलासुद्धा नाही.

मी तेव्हा लाखनीच्या ज्युनिअर कॉलेजात बदली होऊन आले होते. मी नाशिककडची. विषय फिजिक्स. प्रकाशाचा धडा वर्षानुवर्षं शिकवून अंगात थोडा ताठा मुरलेला, हे आता कबूल करायला हरकत नाही. माझ्या मावशीच्या यजमानांचा एक जुना कॅमेरा माझ्याकडे आला होता. वर-खाली दोन भिंगं, वरचं झाकण उघडून आत वाकून पाहायचं, आणि बाजूला रोल पुढे सरकवायचं हँडल. त्याला पाठीला कागद लावलेला रुंद रोल लागतो आणि एका रोलवर चौकोनी बारा फोटो निघतात. मी हौसेनं मुंबईहून रोल मागवला, भरला आणि हँडल फिरवायला लागले. पहिल्या फोटोच्या जागेवर ते आपोआप थांबायला हवं. थांबेचना. मी फिरवत गेले, फिरवत गेले आणि अख्खा रोल एकही फोटो न काढता पलीकडे जाऊन बसला. दुसऱ्या रोलची तीच गत झाली. आतलं चाक झिजलंय असं निदान मी स्वतःच करून टाकलं.

कॉलेजातल्या एका शिपायानं पत्ता सांगितला. "भंडाऱ्याले जा मॅडम. पितळी भांड्यायच्या दुकानायच्या ओळीत रामटेके फोटो हाय. म्हातारा जरासा वाकडा हाय, पन हात सोन्याचा."

दुकानाचा दर्शनी भाग सुनेचा होता. सून म्हणजे वैशाली. झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो आणि ऑनलाइन अर्ज हे सगळं ती एकटी सांभाळायची, त्यामुळे पुढे कायम गर्दी. झेरॉक्स मशीन आणि मागची भिंत यांच्यामध्ये जी काही जागा उरली होती, तेवढ्यात एक टेबल, एक स्टूल आणि सुखदेवभाऊ बसवलेले होते. सत्तरीचा बारीक माणूस, एक चष्मा नाकावर, दुसरा कपाळावर. टेबलाच्या चारही कडांना लाकडी पट्टी ठोकलेली, स्क्रू घरंगळून खाली पडू नयेत म्हणून.

मी माझं निदान शास्त्रीय भाषेत सांगितलं. त्यांनी ते अगदी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मॅडम, तुम्ही कोनता विषय शिकवता?"

"फिजिक्स."

"मंगच," ते म्हणाले, आणि टेबलाच्या खणातून एक मळकट, चुरगाळलेला रोल काढून माझ्या हातात ठेवला. "हा आपला बकरा. रोज कापल्या जाते, रोज उठून उभा राह्यते. भरा कॅमेऱ्यात. मी पाहून राहिलो."

मी भरला. झेरॉक्सच्या रांगेतली चार माणसंही मान वळवून पाहत होती. सुखदेवभाऊंनी कॅमेरा माझ्या हातातून न घेता नुसतं बोट दाखवलं.

"हे दोन रूळ दिसते? रोलचा कागद या दोघायच्या मधातून गेला पायजे. ते चाचपून पाहते, का बावा कागद आला का नाही. आला का मंग हँडलले सांगते, थांब. तुम्ही कागद वरच्या वरून नेला. रुळायले वाटलं, घरी कोनी आलंच नाही. आता थांब म्हनाले त्यायले काय पडलं हाय?"

मी कागद मधून घेतला, झाकण लावलं आणि हँडल फिरवलं. खट्ट करून ते जागच्या जागी थांबलं.

"कॅमेरा ठनठनीत हाय," ते म्हणाले. "मालकिनीची सर्व्हिसिंग झाली. येजा मंग."

माझा संताप बसमध्ये लाखनीच्या अलीकडे कुठंतरी जागा झाला. पुढच्याच रविवारी मी पुन्हा भंडाऱ्याला गेले. भांडायला गेले होते असं मी स्वतःला सांगितलं, पण खरं म्हणजे मला तो माणूस आवडला होता.

त्यांचा नियम साधा होता. मालकानं आपल्या हातानं बकरा भरून दाखवल्याशिवाय ते कॅमेऱ्याला स्क्रूड्रायव्हर लावत नसत. मग मालक कोणीही असो. "कॅमेरे सहसा बिमार नसतात, त्यायचे मालक असतात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. हल्लीच्या पोरांना पुन्हा रोलच्या कॅमेऱ्यांचं वेड लागलंय, त्यामुळे नागपूर-गोंदियापासून गिऱ्हाइकं यायची. कोणाचा रोल पुढे सरकत नसे, कोणाचे फोटो एकमेकांवर चढत, कोणाचं हँडल मध्येच अडकून बसे. सुखदेवभाऊ आधी माणूस तपासायचे. नखं वाढवलेला, घाई करणारा, बोलता बोलता भरणारा असे त्यांनी माणसांचे प्रकारच पाडले होते. माझा प्रकार कोणता, असं मी एकदा विचारलं. "तुम्ही पुस्तक वाचून भरनाऱ्या," ते म्हणाले, "हा सगळ्यात कठीन."

आणखी एक सवय होती. हा रुंद रोल संपला की त्याच्या टोकाला डिंकाची कागदी पट्टी असते, ती ओली करून चिकटवायची, म्हणजे रोल सुटत नाही. बाकीचे लोक बोटाला पाणी लावतात. सुखदेवभाऊ जीभ बाहेर काढून पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत मनापासून चाटायचे आणि वर शेराही द्यायचे. "हा गोड हाय." "हा नुसताच कडू, कंपनी बुडनार." बकऱ्याच्या पट्टीवरचा डिंक तर कधीच संपला होता, पण ते तीसुद्धा चाटायचे. वैशाली पुढून सासऱ्यांवर ओरडायची, "मामाजी, गिऱ्हाईक पाहून राहिले ना!" मग ते गिऱ्हाइकाकडे पाहून आणखी एकदा चाटायचे.

नागपूरचा एक पोरगा आला होता, त्याचा किस्सा मी अजून वर्गात सांगते. त्याचा कॅमेरा दुसऱ्या जातीचा, भारी. त्यात रुळांची चाचपणी नसते. रोलच्या कागदावर एक बाण छापलेला असतो, तो कॅमेऱ्याच्या आतल्या लाल ठिपक्यासमोर आणायचा आणि मगच झाकण लावायचं. बाण पुढे गेला की सगळा हिशेब चुकतो आणि फोटो एकमेकांच्या अंगावर येतात. हा पोरगा बोलण्याच्या नादात दर वेळी बाण पुढे घालवायचा. सुखदेवभाऊंनी त्याला तीनदा दाखवलं. तिन्ही वेळा त्यानं "हो हो, समजलं" म्हटलं आणि चौथ्यांदा तेच केलं. उलट तोच यांना सांगायला लागला की आतलं चाक घसरतंय, कॅमेरा उघडून बघा.

सुखदेवभाऊंनी कॅमेरा ठेवून घेतला आणि आठ दिवस त्याला हातसुद्धा लावला नाही. पोरगा परत आला तेव्हा त्यांनी गंभीर चेहऱ्यानं कॅमेरा त्याच्या पुढे ठेवला. आत बरोबर ठिपक्याच्या शेजारच्या स्क्रूला काळ्या दोऱ्याचा इवलासा तुकडा बांधलेला होता.

"दृष्ट लागली होती," ते आवाज खाली आणून म्हणाले. "रोल भरतानी या दोऱ्याकडे पाहत राहाचं. बाण दोऱ्यापाशी आला का हात थांबवाचा, अन् एक अक्षर बोलाचं नाही. बोलला का दृष्ट परत लागते."

पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. बाराच्या बारा फोटो वेगवेगळे आले होते. आपल्या दोन मित्रांच्या कॅमेऱ्यांनाही दोरा बांधून द्याल का, असं तो विचारत होता.

वैशाली चिडली. "मामाजी, आपन बावीस प्रतिज्ञावाले मानसं, अन् तुम्ही लोकायले काळे दोरे बांधून देता? विहारात समजलं तं काय म्हनतील?"

"तो काळा दोरा नोहे, निशानीचा दोरा हाय," सुखदेवभाऊ म्हणाले. "पोट्टा ठिपक्याकडे पाहे नाही, दोऱ्याकडे पाहते. यात माहा काय गुन्हा?"

तुमसरकडचे एक निवृत्त साहेब होते, त्यांचीही त्यांनी अशीच जिरवली. त्यांचं हँडल अडकलं आणि साहेबांनी सवयीप्रमाणे जोर लावला, त्यात आतल्या चाकाचा एक दात तुटला. साहेब म्हणाले, परदेशातून ओरिजिनल पार्ट मागवा. सुखदेवभाऊ शेजारच्या कासाराकडून फुटक्या लोट्याचा पितळी तुकडा घेऊन आले आणि दोन दिवस कानस घेऊन घासत बसले. कॅमेरा चालू झाला. साहेबांनी विचारलं, पार्ट ओरिजिनल आहे ना? "ओरिजनल भंडारा," सुखदेवभाऊ म्हणाले, आणि सोबत एक पाकीट दिलं. त्यात धानाचा एक दाणा होता. वर लिहिलं होतं, 'पेशंटच्या पोटातून निघालेली वस्तू.' साहेब कॅमेरा धानाच्या कोठीवर ठेवायचे, हे त्यांच्या बायकोनं आधीच सांगून ठेवलं होतं.

अशा या माणसाच्या दुकानात भिंतभर फोटो होते. नवरा-नवरी, बारशाची बाळं, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतले नाटकवाले, सगळे. घरच्या माणसांचेही होते. पण नाकाडोंगरीला राहणाऱ्या त्यांच्या मोठ्या बहिणीचा, बाईंचा, फोटो कुठंच नव्हता. आई लहानपणीच गेल्यामुळे या बाईंनीच त्यांना वाढवलं, हे मला ठाऊक होतं, कारण दिवसातून दोन-चारदा तरी 'आमची बाई म्हनते' असं यायचंच. एकदा मी विचारलं तेव्हा ते एकदम स्क्रू शोधायला लागले. उत्तर वैशालीनं दिलं.

पन्नास वर्षांपूर्वी सुखदेवभाऊ नाकाडोंगरीला बाईंच्याच घरी राहायचे. बाईंचे यजमान खाणीत कामाला. तिथल्या एका कारकुनाकडून यांनी कॅमेरा उसना आणला. भाताच्या रोवणीचे दिवस. बाई एका दिवसाची मजुरी बुडवून, लग्नातलं लुगडं नेसून भावासाठी अख्खी दुपार उन्हात बसली. यांनी बारा फोटो काढले. रोल तुमसरला धुवायला दिला. तो कोराकरकरीत परत आला. कागदाचं टोक रोल गुंडाळून घेणाऱ्या चकरीच्या फटीत बसलंच नव्हतं, त्यामुळे रिकामी चकरी फिरत राहिली आणि रोल जागचा हललाच नाही. बाई म्हणाली, "आधी शिकून ये. मंग काढजो माहा फोटो."

तिथून सुखदेवभाऊ या धंद्यात आले. रोल पुढे का सरकत नाही, या एका गोष्टीच्या मागे त्यांचं आयुष्य गेलं ते असं. आणि बाईनं पन्नास वर्षं हट्ट सोडला नाही. दर भेटीत विचारायची, "शिकून झालं काय रे सुख्या?" हे म्हणायचे, "थोडं राह्यलं." दोघांचा तो खेळच झाला होता. नातवंडं मोबाईलवर फोटो काढायची, पण ते बाईच्या लेखी फोटोच नव्हते. फोटो म्हणजे भावानं काढलेला, कागदावरचा, काचेतला.

आणि मग एका श्रावणात बाईचा निरोप आला. स्वतः होऊन. "फोटो काढाचा हाय. ये."

मला वाटलं सुखदेवभाऊ नाचतील. त्या दिवशी त्यांनी एकही चेष्टा केली नाही. त्यांनी गिऱ्हाइकाचा एक कॅमेरा उघडला आणि तसाच परत मिटून ठेवला.

पोळा झाल्यावर आम्ही गेलो. उजेड परतवायला पांढरा पुठ्ठा कोणीतरी धरायला हवा, म्हणून त्यांनी मला सोबत घेतलं. भंडारा ते तुमसर एक एसटी, तिथून नाकाडोंगरीला दुसरी. बाई अंगणात तयारच होती. चौऱ्याऐंशीची, भावासारखीच बारीक, पिवळं लुगडं, केस पाणी लावून चापून बसवलेले. मला पाहून म्हणाली, "हे मॅडम काहून आनली? साक्षीदार काय?"

सुखदेवभाऊंनी कॅमेरा काढला. तो माझ्याच कॅमेऱ्याचा चुलतभाऊ, तेच दोन रूळ, तेच हँडल. ते क्लिक करायचे, हँडल फिरवायचे, पुन्हा क्लिक करायचे. मी पुठ्ठा धरून उभी होते आणि चौथ्या फोटोला माझ्या लक्षात आलं की खट्ट असा आवाज येत नाहीये. हँडल थांबत नव्हतं. सुखदेवभाऊ ते आपल्या हातानं थांबवत होते, अगदी बरोबर जागेवर, नाटकातल्या नटासारखे. रुळांच्या मधात कागद नव्हता. कॅमेऱ्यात रोलच नव्हता.

मी पुठ्ठा तसाच धरून ठेवला. बारा झाले. त्यांनी कॅमेरा पिशवीत घातला. बाईनं चहा दिला आणि आम्ही निघताना ती म्हणाली, "मोठा करजो. चांगली फ्रेम लावजो."

परतीच्या एसटीत मी सरळ विचारलं. "सुखदेवभाऊ, रोल नव्हता."

ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "तुमची सर्व्हिसिंग भल्ली पक्की झाली ना मॅडम."

"चेष्टा नको. त्या माउलीनं पन्नास वर्षांनी बोलावलं आणि तुम्ही तिला फसवलंत?"

त्यांनी कॅमेऱ्याची पिशवी मांडीवर ओढून घेतली. मग म्हणाले, "मी हाराचे फोटो किती काढले, मले मोजता येत नाही. म्हातारा मानूस चांगले कपडे घालून येते, केस ओले करते, अन् म्हनते मोठा करजो, फ्रेम लावजो. मी त्याच दिवशी समजतो. त्याची तयारी झाली असते. मंग वरीस नाही लोटत, का घरचे येऊन हाराचं माप सांगते. आता बाई तसंच म्हनाली. तुम्ही आयकलं ना? पन्नास वरसं ती माह्यासाठी थांबली हाय. फोटो निघाला तं थांबाले काय राह्यलं?"

"तुम्ही तर काळ्या दोऱ्यावर विश्वास न ठेवणारे!"

"नाही ठेवत," ते म्हणाले. "पन ही बाई हाय."

मला त्यांचा राग आला होता आणि रडूही येत होतं, आणि दोन्ही एकदम कसं करायचं ते कळत नव्हतं. मी म्हटलं, "आणि उद्या ती गेली तर? मग काय लावाल भिंतीवर?"

आठवड्यानं त्यांनी बाईला फोन करून सांगितलं, रोल सरकला नाही. पलीकडून बाईचं हसणं झेरॉक्स मशीनच्या आवाजावरून मला ऐकू आलं. ती खोकला येईपर्यंत हसली. "अजून शिकला नाही लेकाचा!" फोन ठेवल्यावर सुखदेवभाऊंचा चेहरा असा खुलला होता की जणू पोरानं परीक्षेत बाजी मारली. "पाहा," मला म्हणाले, "आवाज पाहा तिचा. अजून दहा वरसं कुठी जात नाही."

पण मंडई झाली, धान घरी आलं, आणि थंडीत बाईला ताप भरला. पंधरा दिवस अंथरुणात होती. उठून बसली ती पहिला निरोप धाडतच: "ये. अन् मॅडमलेही आन." सुखदेवभाऊंनी मला कळवलं ते इतक्या हळू आवाजात की ते पुन्हा रोलशिवायच निघणार अशी मला शंका आली. मी निघताना माझ्या पर्समध्ये एक नवा रोल टाकून घेतला. याला विश्वासघात म्हणायचं असेल तर म्हणा.

बाई अंगणात उन्हाला खाट टाकून बसली होती. अर्धी झाली होती, पण डोळे तसेच. सुखदेवभाऊंनी पिशवीतून कॅमेरा काढला.

"उघड," बाई म्हणाली.

"काय?"

"डबा उघड. रोल दाखव."

"असा उघडता येत नाही बाई. उजेड लागन, रोल खराब होईन."

"बरं. मंग तो काढून टाक. दुसरा भर, माह्यासमोर." ती माझ्याकडे वळली. "मॅडम, पोळ्याच्या बारीनं यानं बारा काढले. पन शेवटी जीभ नाही लावली. त्या वेळी लावली होती, अठरा वरसाचा होता तेव्हा. रोल हलला नव्हता, तरी वरच्या फाटक्या पट्टीले जीभ लावाची नाही भुलला. मंग या बारीनं काहून नाही लावली? रोल असता तं लावली असती ना."

सुखदेवभाऊ खाली पाहत होते. सत्तर वर्षांचा माणूस, पायाच्या अंगठ्यानं अंगणातली माती उकरत होता.

"सुख्या," बाई म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम मऊ झाला, "तुले काय वाटलं ते मले समजत नाही काय? पन गावातल्या साऱ्या बायायचे फोटो लागले भिंतीले. मी मेली का माह्या पोट्ट्यायनं काय आधार कार्ड लटकवाचं? त्यात तं मी चोरावानी दिसून राहिली. मले मराची घाई नाही. मले फक्त माह्या भावानं काढलेला पायजे."

"रोल आनलाच नाही बाई," सुखदेवभाऊ म्हणाले, आणि हे तरी खरं होतं.

मी पर्स उघडली. रोल त्यांच्यापुढे धरला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी आयुष्यभर ते विसरणार नाही. मग त्यांनी तो घेतला.

जगभराच्या लोकांना भरायला शिकवणारा माणूस, आणि कागदाचं टोक चकरीच्या फटीत जाईना. एकदा निसटलं, दुसऱ्यांदा दुमडलं. बाई खाटेवरून वाकून पाहत होती. "हळू," ती म्हणाली, "हळू कर. सांज होवाले टाइम हाय." तिसऱ्यांदा ते बसलं. त्यांनी कागद रुळांमधून घेतला, झाकण लावलं आणि हँडल फिरवलं. खट्ट.

त्यांनी अकरा फोटो काढले. हसताना, गंभीर, बाजूनं, समोरून. प्रत्येक वेळी हँडल आपलं आपण थांबत होतं, आणि प्रत्येक वेळी सुखदेवभाऊ थोडे आणखी शांत होत होते. मला वाटतं पन्नास वर्षांत पहिल्यांदा ते घाबरल्याशिवाय तिच्याकडे पाहत होते.

"आता एक राह्यला," ते म्हणाले.

"तो मॅडम काढतील," बाई म्हणाली. "तू इकडे ये. बस."

"मी काहून?"

"बस म्हनलं ना."

ते खाटेवर तिच्या शेजारी जाऊन बसले. लोकांना हात कुठे ठेवायचे ते सांगण्यात आयुष्य गेलं, आणि आता त्यांना स्वतःचे हात कुठे ठेवावेत ते कळेना. मी कॅमेरा छातीशी धरून वरून आत वाकले. आतल्या काचेत डावं उजवीकडे दिसतं, उजवं डावीकडे, त्यामुळे क्षणभर मला कळेना कोण कोणाच्या बाजूला बसलंय. दोघांचे चेहरे एकसारखेच होते. फक्त सुखदेवभाऊंचा चेहरा फोटोत बसतात तसा ताठ झाला होता.

"दोघायचा एकच फोटो," बाई म्हणाली. "ज्याले आधी लागन, त्यानं न्यावा."

सुखदेवभाऊंना ते समजायला एक श्वास लागला. मग ते हसायला लागले. असे हसले की खाट कुरकुरली. पोट धरून वाकले, नाकावरचा चष्मा मांडीवर पडला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते कोणतं पाणी होतं हे मला काचेत नीट दिसत नव्हतं.

पुढच्याच महिन्यात माझी नाशिकला बदली झाली. त्यानंतर फोन होतात, भेट नाही. त्यामुळे माझ्या मनात सुखदेवभाऊ राहिले आहेत ते त्या काचेतले, हलणारे, उजव्याचे डावे झालेले.

"हलू नको!" बाई ओरडली, आणि मी बटण दाबलं तेव्हा तिनं त्यांचा कान धरलेला होता.